संकलक आणि दोषशोधक यांमधील संकेत : त्याच्या परिवर्तनाचा इतिहास

१

संगणकाच्या इतिहासात यंत्रांची चर्चा पुष्कळ होते, भाषांचीही होते. परंतु दोन आज्ञावल्यांमध्ये परस्परांशी बोलण्याचा जो करार असतो, त्याचा इतिहास स्वतंत्रपणे क्वचितच सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात अशाच एका कराराचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्याचे दोन पक्ष म्हणजे संकलक आणि दोषशोधक, अर्थात् व्यवहारातील कंपायलर आणि डीबगर. मनुष्याने प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली संहिता संकलक यंत्राच्या भाषेत उतरवितो. दोषशोधक हा चालू असलेली किंवा मध्येच कोसळलेली आज्ञावली उघडून पाहतो. ती कोणत्या ओळीवर थांबली, कोणत्या चलात कोणते मूल्य होते, कोणत्या फंक्शनाने कोणास पाचारण केले होते, हे तो मनुष्यास त्याच्या मूळ संहितेच्या शब्दांत सांगतो.

ह्या कामातील मूळ अडचण वाचकांच्या सहज लक्षात येईल. संहिता यंत्रभाषेत उतरली की तीतील नावे उरत नाहीत. लेखकाने ज्यास ‘शिल्लक’ म्हटले, ती यंत्राच्या लेखी स्मृतीतील आठ बाइटांची एक जागा असते. ती रक्कम आहे, तारीख आहे की दुसऱ्या जागेचा पत्ता आहे, हे त्या आठ बाइटांवरून कळत नाही. हे सर्व माहीत असतो तो एकटा संकलक, आणि दोष उघडकीस येतो तेव्हा संकलक आपले काम आटोपून केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून जाण्यापूर्वी त्याने दोषशोधकासाठी एक टिपण मागे ठेवावे लागते. त्या टिपणाची भाषा कोणती, त्यात काय असावे आणि काय नसावे, हाच आपल्या कराराचा विषय होय.

असा करार बदलणे वरवर पाहता सोपे वाटते. दोन्ही पक्ष आज्ञावल्याच आहेत. दोन्ही नव्याने लिहिता येतात. परंतु येथे एक तिसरा पक्ष असतो, आणि त्यास कोणीही विचारीत नाही. तो पक्ष म्हणजे पूर्वीच संकलित होऊन जगभर पसरलेल्या आज्ञावल्या. त्यांच्या पोटातील टिपण जुन्या भाषेत लिहिलेले असते आणि ते पुन्हा लिहून घेण्याची सोय बहुधा नसते. मोडी लिपीतील दप्तरांच्या बाबतीत महाराष्ट्रातील अभ्यासकांस हा अनुभव परिचित आहे. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा दुर्मीळ झाला म्हणजे दस्तऐवज असून नसल्यासारखा होतो. ह्या कराराच्या इतिहासात जी परिवर्तने टिकली, ती अनोळखी मजकुराची आणि जुन्या वाचकाची सोय आधीच करून ठेवणारी होती, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

प्रारंभीच्या काळात करारच नव्हता, कारण दोन पक्षच नव्हते. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील एडसॅक हे यंत्र १९४९ साली चालू झाले. त्यावरील आज्ञावल्यांतील चुका कशा शोधाव्यात, ह्यावर स्टॅन्ली गिल ह्यांनी १९५१ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत एक निबंध प्रसिद्ध केला. आज्ञावलीस सरळ चालू न देता तिच्या आज्ञा एकेक करून दुसऱ्या आज्ञावलीच्या देखरेखीखाली पार पाडावयाच्या आणि काय घडले ते छापून घ्यावयाचे, असा त्यांतील एक मार्ग होता. लिहिणारा यंत्राच्या अगदी जवळ होता. त्याने जे लिहिले आणि यंत्राने जे केले, त्यांत अंतर थोडे होते. दुभाष्याची गरज भासत नव्हती.

अंतर वाढले ते नावांमुळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत टीएक्स-० ह्या यंत्रासाठी थॉमस स्टॉकहॅम व जॅक डेनिस ह्यांनी १९६० साली ‘फ्लिट’ नावाची आज्ञावली वर्णिली. ढेकूण-डासांवर फवारावयाच्या ज्या औषधाचे नाव आपल्याकडेही घरोघर रुळले होते, तेच हे नाव. चुकीस इंग्रजीत कीटकाचे नाव मिळालेले असल्यामुळे शोधकास कीटकनाशकाचे नाव मिळाले. त्यानंतर पीडीपी-१ ह्या यंत्रासाठी तयार झालेल्या शोधकाचे नाव तर ‘डीडीटी’ असे होते. विनोद बाजूस ठेवला, तरी फ्लिटमध्ये एक महत्त्वाची गोष्ट होती. यंत्रासमोर बसलेला मनुष्य स्मृतीतील जागांविषयी अंकांऐवजी नावांनी बोलू शकत असे. नावे संहितेतील आणि जागा यंत्रातील; म्हणजे दोहोंची जोडी सांगणारी नामसूची एकाने सिद्ध करावी व दुसऱ्याने वाचावी, हा व्यवहार येथे सुरू झाला. आपल्या कराराचे हे पहिले कलम होय.

३

नामसूची ही नाव आणि पत्ता एवढेच सांगते. अनेक उच्चस्तरीय भाषांत चलास प्रकार असतो. प्रकारांतून नवे प्रकार घडतात. एकाच नावाचे दोन चल दोन फंक्शनांत निरनिराळे असू शकतात. हे सर्व सांगण्याची सोय जुन्या नामसूचीत नव्हती. युनिक्स प्रणालीवर ही अडचण ज्या रीतीने सोडविली गेली, ती मोठी चतुर आणि मोठी अपुरी होती.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत पास्कल भाषेसाठी ‘पीडीएक्स’ नावाचा दोषशोधक होता. त्यासाठी पीटर केसलर ह्यांनी ‘स्टॅब्ज’ ही पद्धती योजिली असावी, असे जीडीबी ह्या दोषशोधकाच्या दस्तऐवजांत नमूद आहे. युनिक्सच्या नामसूचीतील प्रत्येक नोंदीत नावासाठी एक घर होते. त्या घरात नुसते नाव न घालता नाव, त्यापुढे विसर्गचिन्ह, त्यापुढे एक अक्षर आणि त्यापुढे प्रकाराचे वर्णन अशी एक सलग अक्षरमाला घालावयाची, ही ती युक्ती. एक अक्षर जागतिक चल सुचवी, दुसरे फंक्शनास दिलेला घटक, तिसरे नव्या प्रकाराचे नाव. प्रकारांस क्रमांक दिलेले असत व पुढील वर्णने त्या क्रमांकांनी मागील वर्णनांचा निर्देश करीत. जुन्या घरातच नवा संसार मांडल्यामुळे नामसूची जुळविणाऱ्या इतर साधनांस कशाचाही पत्ता लागू द्यावा लागला नाही. मार्क लिंटन ह्यांच्या डीबीएक्स ह्या दोषशोधकाबरोबर आणि पुढे ग्नू प्रकल्पातील जीसीसी व जीडीबी ह्या संकलक-दोषशोधकांच्या जोडीबरोबर ही पद्धती दूरवर पसरली.

तथापि ह्या चातुर्यातच तिचा दोष दडलेला होता. अक्षरमालेतील प्रत्येक अक्षराचा अर्थ वाचणाऱ्यास आधीपासून ठाऊक असावा लागे. अनोळखी अक्षर आले, तर त्यापुढील वर्णन कोठे संपते हे ओळखण्याचे सर्वसाधारण साधन नव्हते. निरनिराळ्या उत्पादकांनी आपापल्या संकलकांसाठी आपापली अक्षरे जोडली. सी++ भाषा आली तेव्हा वर्ग, वारसा आणि सभासद फंक्शने सांगण्यासाठी आणखी चिन्हे आली. परिणामी, एकाच नावाच्या पद्धतीच्या अनेक बोली झाल्या. करार होता, पण त्याची प्रमाण प्रत कोणापाशी नव्हती. प्रचार झाल्यानंतर वर्णन लिहिले गेले, आणि तेही संकलकांच्या वागणुकीवरून अनुमान करून.

४

ह्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत दुसरा मार्ग आखला जात होता. सिस्टिम ५ युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीतील सी संकलक आणि ‘एसडीबी’ हा दोषशोधक ह्यांच्यासाठी ब्रायन रसेल ह्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास एक नवी मांडणी तयार केली. तिचे नाव ‘ड्वार्फ’. त्या प्रणालीतील आज्ञावलीच्या फाइलची मांडणी ‘एल्फ’ ह्या नावाची होती. यक्षाच्या जोडीस खुजा, अशी ही परीकथेतली जोडी.

ड्वार्फमध्ये संहितेचे वर्णन वृक्षाकार असते. प्रत्येक गाठ संहितेतील एका वस्तूची: फाइलची, फंक्शनाची, चलाची, प्रकाराची. प्रत्येक गाठीस ती कशाची आहे हे सांगणारी एक खूण आणि नाव, ओळ, जागा, प्रकार असे काही विशेष जोडलेले असतात. फंक्शनाच्या गाठीखाली त्यातील चलांच्या गाठी येतात. त्यामुळे कोणते नाव कोठे दिसते, हे वृक्षाच्या रचनेवरूनच कळते. युनिक्स इंटरनॅशनल ह्या संघटनेच्या भाषाविषयक गटाने ही मांडणी लेखबद्ध केली. परंतु पहिल्या आवृत्तीत पाल्हाळ फार होता. वर्णन मूळ आज्ञावलीपेक्षाही जड होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून दुसरी आवृत्ती रचली गेली, आणि ती पहिलीशी जुळणारी नव्हती.

दुसऱ्या आवृत्तीतील मुख्य सुधारणा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. एकाच साच्याच्या गाठी पुन्हा पुन्हा येतात हे ओळखून ते साचे एका वेगळ्या संक्षेप-सारणीत लिहावयाचे आणि गाठीच्या जागी केवळ साच्याचा क्रमांक व मूल्ये द्यावयाची, अशी ती योजना होती. साच्यात प्रत्येक विशेषाबरोबर त्याचे रूपही नोंदलेले असते. म्हणजे हे मूल्य एका बाइटाचे, चारांचे, की शून्याने संपणारी अक्षरमाला, हे तेथे सांगितलेले असते. उद्देश जागा वाचविण्याचा होता. पण त्यातून एक मोठा लाभ घडला. वाचणाऱ्यास एखादा विशेष अपरिचित असला, तरी त्याचे रूप परिचित असल्यास तो नेमका किती ओलांडून पुढे जावयाचे हे जाणतो. जे समजत नाही ते नम्रपणे वगळण्याची सोय करारातच आली. शिवाय खुणा आणि विशेष ह्यांच्या क्रमांकांतील काही पट्टा संकलककर्त्यांच्या खाजगी उपयोगासाठी राखून ठेवला गेला. स्टॅब्जमध्ये जी बेशिस्त वाढ झाली, तिला येथे कुंपण घातलेले अंगण मिळाले.

ह्या दुसऱ्या आवृत्तीचे पुढे काय झाले, तो प्रसंग मायकेल ईगर ह्यांनी ड्वार्फच्या परिचयपर लेखात कथन केला आहे. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच काळाने मोटोरोला कंपनीच्या ८८००० ह्या प्रोसेसरमध्ये गंभीर दोष आढळले. कंपनीने तो प्रोसेसर सोडून दिला. त्यावर आधारलेला ‘ओपन ८८’ हा उत्पादकांचा संघ मोडला. तो संघ युनिक्स इंटरनॅशनलचा आधार असल्यामुळे तीही विसर्जित झाली, आणि भाषाविषयक गट निराधार झाला. अंतिम प्रमाणपत्र कधीच निघाले नाही. एका चिपमधील दोषामुळे दोष शोधण्याच्या भाषेचे पालक नाहीसे व्हावेत, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. परंतु मसुदा मात्र जिवंत राहिला. संकलककर्त्यांनी तो घेतला, दोषशोधककर्त्यांनी घेतला, आणि पालकांविना तो दहा वर्षांहून अधिक काळ चालला. तिसरी आवृत्ती पूर्ण झाली ती २००५ च्या डिसेंबरात. चौथी २०१० साली. पाचवी २०१७ च्या फेब्रुवारीत.

मसुदा तयार होणे आणि करार प्रत्यक्षात बदलणे ह्यांत किती अंतर असते, ते जीसीसीच्या प्रकाशन-टिपणांवरून दिसते. २००२ सालच्या ३.१ ह्या आवृत्तीत बहुतेक एल्फ प्रणालींवर स्टॅब्जच्या जागी ड्वार्फची दुसरी आवृत्ती हा नित्याचा पर्याय ठरविण्यात आला, आणि त्याबरोबरच जीडीबीची ५.१.१ ही आवृत्ती लागेल असे बजावण्यात आले. २०१३ मधील ४.८ ह्या आवृत्तीत ड्वार्फची चौथी आवृत्ती नित्याची झाली. तिच्या टिपणात जीडीबीबरोबर इतर वाचक-साधनांचीही, त्यांच्या आवृत्तिक्रमांकांसह, यादी आहे. २०२१ मधील ११ व्या आवृत्तीत पाचवी आवृत्ती आली. पुन्हा तशीच यादी. स्टॅब्ज निर्माण करण्याची सोय जीसीसीतून शेवटी काढून टाकली ती २०२३ च्या १३ व्या आवृत्तीत, म्हणजे नित्याच्या वापरातून तिला हटविल्यानंतर सुमारे एकवीस वर्षांनी. ह्या याद्या रूक्ष दिसतात, पण त्यांत कराराचे खरे शास्त्र आहे. अपरिचित विशेष वगळता येतो, अपरिचित रूप वगळता येत नाही. आणि नव्या आवृत्त्यांत नवी रूपे येतच असतात. म्हणून लिहिणाऱ्याने भाषा बदलण्यापूर्वी वाचणारे तयार आहेत की नाहीत, हे पाहावे लागते. तरीही एक गोष्ट जपली गेली. पाचव्या आवृत्तीत प्रत्येक वर्णनखंडाच्या शीर्षभागातील घरांची अदलाबदल झाली, परंतु खंडाच्या लांबीनंतर लगेच येणारा आवृत्तिक्रमांक आपल्या जागेवरच राहिला. वाचकास प्रथम हा क्रमांक सापडला पाहिजे. पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे.

५

येथवर टिपणाच्या भाषेचा विचार झाला. परंतु टिपण खरे असले पाहिजे, हा प्रश्न त्याहून गहन आहे. संकलक केवळ भाषांतर करीत नाही. आज्ञावली वेगाने चालावी म्हणून तो आज्ञांचा क्रम बदलतो, अनावश्यक वाटलेले चल काढून टाकतो, एकच रजिस्टर आळीपाळीने दोन चलांस देतो. अशा आज्ञावलीत ‘ह्या ओळीवर ह्या चलाचे मूल्य काय’, ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर कधी वेगळे, कधी अर्धवट, तर कधी अस्तित्वातच नसते.

जॉन हेनेसी ह्यांनी १९८२ साली ह्या प्रश्नाची पहिली सुव्यवस्थित मांडणी केली. दोषशोधक दाखवील ते मूल्य संहितेनुसार त्या क्षणी असावयाच्या मूल्याशी जुळत नसेल, तर त्या चलास त्यांनी ‘अप्रचलित’ अशा अर्थाची संज्ञा दिली. आणि जुळेल की नाही हे सांगता येत नसेल, तर ‘संकटग्रस्त’ अशा अर्थाची. ह्या भेदामागे एक नैतिक जाणीव आहे. माहिती नाही असे सांगणारा दोषशोधक उपयोगी असतो. खोटी माहिती ठामपणे देणारा मात्र धोकादायक असतो, कारण अभियंता तिच्यावर विश्वासून निर्दोष जागी दोष शोधत बसतो.

करारास ह्या जाणिवेनुसार बदलावे लागले. पूर्वी चलाची जागा एकच असे. ड्वार्फमध्ये जागा ही एका छोट्या गणितीय आज्ञावलीने सांगता येते. दोषशोधक ती चालवितो व उत्तर मिळवितो. तसेच, आज्ञावलीच्या अमुक टप्प्यापासून तमुक टप्प्यापर्यंत चल ह्या रजिस्टरात, नंतर स्मृतीत, आणि त्यानंतर कोठेच नाही, अशी स्थलसूची देता येते. दोषशोधक ‘चल वगळला गेला आहे’ असे उत्तर देतो, ते बहुधा ह्या सूचीतील रिकाम्या जागेवरून. सूची बिनचूक व्हावी म्हणून जीसीसीच्या ४.५ ह्या आवृत्तीत, २०१० साली, प्रत्येक मूल्यदानापाशी चलाचा माग ठेवण्याची पद्धती आणली गेली. हे काम करताना एक कठोर नियम पाळावा लागला. दोषशोधकासाठी टिपण मागितले म्हणून यंत्रभाषेतील आज्ञांत तिळमात्रही फरक पडता कामा नये. साक्षीदार हजर आहे म्हणून घटनाच वेगळी घडली, तर साक्षीला किंमत उरत नाही.

राखीव अंगणाची उपयुक्तता येथे प्रत्ययास आली. फंक्शनात प्रवेश करताना घटकाचे मूल्य काय होते, हे पाचारणाच्या जागेवरून अनुमानित करण्याची एक क्रिया ग्नूच्या अभियंत्यांनी प्रथम खाजगी क्रमांकाने योजिली. जुने दोषशोधक तिला न ओळखता तेवढ्याच उत्तरापुरते मूक राहिले, नव्यांनी तिचा लाभ घेतला, आणि पाचव्या आवृत्तीत तिला प्रमाण क्रमांक मिळाला. रूढी आधी, कायदा नंतर, असा हा क्रम होय.

६

येथवर संकलक लिहिणारा आणि दोषशोधक वाचणारा, अशी विभागणी होती. २०१५ साली जीडीबीची ७.९ ही आवृत्ती आणि जीसीसीची ५ वी आवृत्ती ह्यांनी ती उलटवून पाहिली. थांबविलेल्या आज्ञावलीच्या आत सी भाषेतील एखादा नवा तुकडा चालवावयाचा असेल, तर दोषशोधकाने तो स्वतः न उलगडता संकलकाकडे पाठवावा, तयार झालेला यंत्रभाषेतील तुकडा आज्ञावलीच्या स्मृतीत बसवावा आणि चालवावा, अशी ही योजना होती. ह्यासाठी ‘लिबसीसी१’ ह्या नावाचा एक संपर्कभाग लिहिला गेला. त्याचा एक अंश दोषशोधकात उतरतो, दुसरा संकलकात जोडला जातो. दोन्ही स्वतंत्र प्रक्रिया असल्यामुळे एकाचे कोसळणे दुसऱ्यास बाधत नाही.

ह्यात विशेष असे की, संकलकास त्या तुकड्यात ‘शिल्लक’ असे नाव आढळले, तर तो स्वतः अनभिज्ञ असतो. तो दोषशोधकास विचारतो : हे काय आहे? दोषशोधक आज्ञावलीतील ड्वार्फचे वर्णन वाचतो आणि संकलकाच्या प्रकारांच्या भाषेत त्यास उत्तर देतो. ज्या माहितीचा उगम संकलकात झाला, ती ड्वार्फमधून दोषशोधकाकडे आणि तेथून परत संकलकाकडे, असे हे वर्तुळ आहे. पूर्वीच्या करारात एक पक्ष लिहून निघून जात असे. ह्या करारात दोन्ही पक्ष समोरासमोर बसून प्रश्नोत्तरे करतात.

हा करार फंक्शनांच्या एका सारणीच्या रूपात असतो, आणि तो बदलावा लागण्यास वेळ लागला नाही. पूर्णांक प्रकार मागताना दोषशोधकाने प्रारंभी दोनच गोष्टी सांगावयाच्या होत्या : तो ऋण संख्या धारण करतो की नाही, आणि त्याची लांबी किती बाइट. हे पुरेसे वाटले होते. परंतु चौसष्ट बिटांच्या लिनक्स प्रणालीवर ‘लाँग’ आणि ‘लाँग लाँग’ हे दोन्ही प्रकार आठ बाइटांचे असतात. यंत्रास ते एकच; भाषेस ते भिन्न. सी++ मध्ये तर ह्या भेदावरून कोणते फंक्शन निवडावयाचे हे ठरते. लांबीवरून प्रकार ओळखणे म्हणजे केवळ उंचीवरून माणूस ओळखण्यासारखे होते. म्हणून नव्या आवृत्तीत त्याच प्रश्नास भाषेतील प्रकारनाम हा आणखी एक घटक जोडला गेला. तसेच, संकलक निवडण्याचा प्रश्नही सुटा केला गेला. आधी संकलकाच्या नावाचा नमुना आणि त्यास द्यावयाचे पर्याय एकाच फंक्शनात गुंफलेले होते. पुढे ते वेगळे झाले आणि संकलकाचे नाव वापरकर्त्याने थेट सांगण्याची सोय झाली.

हा बदल ज्या रीतीने केला गेला, ती रीत मोठी बोधप्रद आहे. जुनी फंक्शने सारणीतून काढली नाहीत. त्यांच्या नावांस शून्य आवृत्तीची शेपटी जोडली आणि त्यांस त्याच घरात राहू दिले. नवी फंक्शने सारणीच्या शेवटी आली. सारणीच्या अगदी आरंभी आवृत्तिक्रमांकाचे घर आहे आणि ते कधी हलणार नाही, असे वचन आहे. दोषशोधक प्रथम ते घर पाहतो. नवा संकलक असल्यास नवा प्रश्न विचारतो, जुना असल्यास जुनाच प्रश्न विचारून त्याचे अपुरे उत्तर स्वीकारतो. ड्वार्फच्या खंडातील अढळ क्रमांक आणि ह्या सारणीतील अढळ घर ह्यांच्यामध्ये वर्षांचे अंतर आहे, लेखक वेगळे आहेत, हेतूही वेगळे आहेत. तरी दोन्हींतील तत्त्व एकच आहे.

७

ह्या सर्व जाचातून सुटण्याचा एक मार्ग असा की करारच नको. दोन्ही पक्ष एकाच घरात राहोत. एलएलव्हीएम प्रकल्पातील एलएलडीबी हा दोषशोधक, जो २०१० साली प्रकाशात आला, बहुतांशी ह्याच मार्गाने गेला. तो क्लँग ह्या संकलकाचा भाग ग्रंथालयाच्या रूपात स्वतःच्या आत घेतो. वापरकर्त्याने लिहिलेली राशी क्लँगच्याच व्याकरणवृक्षात उतरते. दोन्हींची संहिता एकत्र ठेवलेली असल्यामुळे अंतर्गत फंक्शन बदलले की त्याच वेळी दोन्ही ठिकाणी दुरुस्ती करता येते. जुनी नावे शेपटीसह सांभाळण्याची गरज उरत नाही.

परंतु हा मार्ग एका अर्ध्यासच मुक्त करतो. एकत्र कुटुंबातील माणसे परस्परांशी खुणांनी बोलू शकतात. परगावी पाठवावयाचे पत्र मात्र प्रमाण लिपीतच लिहावे लागते. एलएलडीबीलाही संकलित आज्ञावलीतील टिपण वाचावे लागतेच, आणि ते बहुतेक प्रणालींवर ड्वार्फमध्येच असते. दुसऱ्या संकलकाने, दुसऱ्या दशकात लिहिलेले टिपण वाचण्याची वेळ आली की लिखित कराराशिवाय गत्यंतर नसते. प्रश्नोत्तरांचा करार घरात विरघळवता येतो. साक्षीचा करार विरघळवता येत नाही.

ह्या इतिहासाचे तात्पर्य थोडक्यात असे सांगता येईल. जुना करार वाईट आहे म्हणून तो क्वचितच बदलला जातो. दोषशोधकास ज्याचे उत्तर करारात नाही असा नवा प्रश्न पडतो तेव्हा तो बदलतो. नामसूचीस प्रकार ठाऊक नव्हता. स्टॅब्जला सी++ नीट पेलली नाही. एका जागेच्या कल्पनेत वेगवान आज्ञावली बसली नाही. लांबीत भाषेचा भेद मावला नाही. प्रत्येक वेळी बदल अटळ होता, आणि तो किती महाग पडला हे मागील पिढीच्या दूरदृष्टीवर अवलंबून राहिले. आवृत्तीचा क्रमांक अढळ जागी ठेवणे, अनोळखी मजकुराची लांबी ओळखता येईल अशी सोय करणे, नव्या प्रयोगांसाठी राखीव अंगण सोडणे आणि जुन्या वाचकास त्याच्या जुन्या घरात राहू देणे, हे चार नियम ज्यांनी पाळले त्यांचे टिपण पालक नाहीसे झाल्यावरही वाचले गेले. ड्वार्फची दुसरी आवृत्ती कोणत्याही संस्थेच्या अंतिम मुद्रेशिवाय टिकली, ती ह्याच बळावर.

आज कारखान्यांत, रुग्णालयांत, रेल्वेच्या नियंत्रणकक्षांत ज्या आज्ञावल्या चालतात, त्यांतील पुष्कळांचे लेखक पुढे विचारण्यास उपलब्ध राहणार नाहीत. त्या कोसळतील तेव्हा अभियंत्यापाशी उरेल ते संकलकाने मागे ठेवलेले टिपण. ते वाचता यावे आणि त्यावर विश्वास ठेवता यावा, ह्याची तजवीज करार बदलणाऱ्यांनी आजच करावयाची असते. कारण ज्या दिवशी त्याची गरज पडते, त्या दिवशी लिहिणारा जवळ नसतो.